मराठीचा ‘का’ आणि इंग्रजीचा ‘डू’

किनवटच्या स्टेशनावर उभ्या असलेल्या उतारूला गाडी आली किंवा नाहीं हें विचारावयाचें असलें, तर त्याच्या हाताशीं तीन भाषा असतात. मराठी माणूस ‘गाडी आली का?’ असें विचारतो. आदिलाबादेकडचा तेलुगू माणूस ‘रैलु वच्चिंदा?’ म्हणतो. दखनी उर्दू बोलणाऱ्याच्या तोंडीं ‘गाडी आई क्या?’ हें वाक्य येतें. भाषा तीन, त्यांतील एक तर अगदीं निराळ्या कुळांतली. पण प्रश्न करण्याची रीत तिन्हींची एकच. विधान जसेंच्या तसें उभें राहतें आणि त्याच्या शेवटाला प्रश्नाची खूण जोडली जाते: मराठींत ‘का’ किंवा ‘काय’, दखनींत ‘क्या’, तेलुगूंत क्रियापदाच्या अंतीं येणारा दीर्घ ‘आ’. वाक्याची घडी कोठेंच मोडावी लागत नाहीं.

हा त्रिवेणी संगम किनवटला उगीच झालेला नाहीं. पैनगंगेच्या कांठचा हा तालुका पूर्वीं निजामच्या राज्यांतील आदिलाबाद जिल्ह्यांत मोडत असे. सन १९४८ च्या सप्टेंबरांत निजामाची सत्ता संपली, आणि सन १९५६ च्या राज्यपुनर्रचनेंत किनवट तालुका नांदेड जिल्ह्यास जोडण्यांत आला. आदिलाबाद शहर पलीकडे राहिलें. तें सन २०१४ पासून तेलंगणांत आहे. गोंड, कोलाम, बंजारा या समाजांच्या घरगुती भाषा तालुक्यांत आहेत, त्या वेगळ्याच. इतक्या भाषा कानांवर घेत वाढलेल्या मुलाला आणखी एक भाषा जड जाऊं नये, आणि शब्दांच्या बाबतींत ती जातहि नाहीं. इंग्रजी शब्द तो भराभर उचलतो, त्यांचीं विधानेंहि करतो. प्रश्न विचारण्याची वेळ आली कीं मात्र अडतो.

कारण इंग्रजींत प्रश्न करावयाचा म्हणजे वाक्याचा सांधाच उखडावा लागतो. ‘द ट्रेन हॅज कम’ यांतील ‘हॅज’ कर्त्याला ओलांडून पुढें येतो आणि ‘हॅज द ट्रेन कम?’ असा प्रश्न होतो. हें एक वेळ जमतें. परंतु ‘द ट्रेन स्टॉप्स हिअर’ या वाक्यांत पुढें सरकावयाला कोणी साहाय्यक क्रियापदच नाहीं. मग बाहेरून ‘डू’ आणावा लागतो. तो येतो तो मुकाट्यानें येत नाहीं. मुख्य क्रियापदाच्या अंगावरचा ‘स’ उतरवून स्वतःच्या अंगावर चढवितो, आणि ‘डझ द ट्रेन स्टॉप हिअर?’ असें वाक्य सिद्ध होतें. भूतकाळ असेल तर काळाची खूणहि तोच घेतो व ‘डिड’ होतो. या ‘डू’ला तेथें स्वतःचा अर्थ कांहीं नाहीं. अर्थ नसलेला शब्द वाक्याच्या अग्रभागीं बसवावयाचा, आणि अर्थ असलेल्या शब्दाचे अलंकार काढून त्याला घालावयाचे, ही तऱ्हा मराठी मुलाला विचित्र वाटली तर त्यांत त्याचा दोष नाहीं.

‘यू आर कमिंग?’, ‘व्हाय यू आर लाफिंग?’, ‘डिड ही वेन्ट?’ हीं वाक्यें वर्गांतून पिढ्यान् पिढ्या ऐकूं येत आलीं आहेत. पहिलें वाक्य म्हणजे ‘तूं येतोस?’ असा स्वर चढवून केलेला मराठी प्रश्न. दुसरें म्हणजे ‘तूं कां हंसतोस?’ यांतील ‘कां’ उचलून आरंभीं ठेवलेला. तिसऱ्यांत विद्यार्थी ‘डिड’ आणावयास शिकला आहे, पण मुख्य क्रियापदाजवळचा काळ काढून घ्यावयास विसरला आहे. म्हणजे तिसऱ्या चुकीचा धनी पहिल्याच्या पुष्कळ पुढें गेलेला असतो. तांबड्या शाईला मात्र तिन्ही चुका सारख्याच दिसतात. पुढें हाच विद्यार्थी नियम पक्का करतो आणि ‘आय डोन्ट नो व्हेअर डझ ही लिव्ह’ असें लिहितो. कारण प्रश्नार्थक शब्द आला कीं उलटापालट करावयाची हें तो शिकला, पण प्रश्न दुसऱ्या वाक्याच्या पोटांत शिरला कीं ती करावयाची नसते, हें त्याला कोणी सांगितलेलें नसतें.

मराठी मुलाला इंग्रजी शिकविण्याचा उद्योग एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या अर्धांत मुंबईस सुरू झाला. बाळशास्त्री जांभेकर यांनीं ६ जानेवारी १८३२ रोजीं ‘दर्पण’ काढलें, त्यांत इंग्रजी व मराठी मजकूर शेजारीं शेजारीं दोन स्तंभांत छापीत. एका डोळ्यानें मराठी व दुसऱ्यानें इंग्रजी वाचण्याची ही संवय पुढें शिक्षणाची पद्धतच बनली. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचें मराठी व्याकरण सन १८३६ मध्यें निघालें, तेंहि इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवर. सन १८५७ त मुंबई विद्यापीठ स्थापन झालें, सन १८५९ त त्याची पहिली मॅट्रिकची परीक्षा झाली, आणि इंग्रजी ही नोकरीची किल्ली ठरली.

या किल्लीची सर्वांत खपलेली प्रत म्हणजे तर्खडकरांची भाषांतर पाठमाला. आडनांवाच्या सारखेपणामुळें पुष्कळ लोक ती दादोबांच्या नांवावर घालतात. वस्तुतः ती द्वारकानाथ राघोबा तर्खडकर यांची. तिची मांडणी साधी: नियम, शब्दांची यादी, मग इंग्रजींतून मराठींत व मराठींतून इंग्रजींत करावयाचीं वाक्यें. त्या वाक्यांना मागचा-पुढचा संदर्भ नसल्यामुळें घरोघरीं तीं थट्टेचा विषय झालीं, हें खरें. पण शिक्षक न मिळणाऱ्या गांवांतहि या पुस्तकांनीं इंग्रजी नेली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ यांनीं आपल्या मुलाकडून घरीं हॉवर्डचीं इंग्रजी पुस्तकें आणि तर्खडकरांची पाठमाला घटवून घेतली होती. तो मुलगा सन १९०७ त मॅट्रिक झाला. भाषांतराच्या पद्धतीवर पुढें जी टीका झाली ती करणाऱ्यांनीं हें एक उदाहरण दृष्टिआड करूं नये.

या पद्धतीचा खरा गुण असा कीं ती दोन्ही भाषांना समोरासमोर उभें करी. ‘का’ कोठें नाहींसा झाला आणि ‘डझ’ कोठून आला, हें विद्यार्थ्याला डोळ्यांनीं दिसे. तिचा दोष वेगळ्याच ठिकाणीं होता. प्रश्न हा तिच्यांत वाक्याचा एक प्रकार म्हणून येई. ‘पुढील वाक्यें प्रश्नार्थक करा’ एवढाच त्याचा संसार. कोणी कोणाला कांहीं विचारीत आहे, त्याला उत्तर हवें आहे, आणि उत्तर न मिळाल्यास त्याचें कांहींतरी अडणार आहे, हा प्रश्नाचा जीव पाटीवर उमटत नसे. विद्यार्थी विधानाचा प्रश्न करी, जसें एकवचनाचें अनेकवचन करावें तसें.

शाळेंतून बाहेर पडतांना त्याला जें इंग्रजी लेखन सर्वांत उत्तम येई तें अर्जाचें. ‘आय बेग टु स्टेट’ या शब्दांनीं आरंभ करून नम्र सेवकाच्या सहीनें शेवट करणारा अर्ज तो बिनचूक लिही. त्या अर्जांत विनंति असे, कारण असे, आशा असे. प्रश्न मात्र एकहि नसे. साहेबाला प्रश्न विचारावयाचा नसतो, त्याला कळवावयाचें असतें, हा त्या काळच्या कचेरीचा रिवाज शाळेनें भाषेच्या रूपानें मुलाच्या अंगीं मुरविला. परिणाम असा होई कीं दोन पानांचा अर्ज लिहिणारा मॅट्रिक झालेला मनुष्य कचेरीच्या खिडकीशीं उभा राहून आपले कागद कोठपर्यंत गेले एवढें इंग्रजींत विचारूं शकत नसे. शब्द सर्व येत. त्यांचा प्रश्न होत नसे.

भाषांतराला पहिला मोठा धक्का विसाव्या शतकाच्या आरंभीं बसला. पर्सिव्हल ख्रिस्तोफर रेन हे गृहस्थ मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यांत होते. पुढें ते ‘बो जेस्ट’ या कादंबरीमुळें जगाला ठाऊक झाले, आणि रेन व मार्टिन यांच्या व्याकरणामुळें हिंदुस्थानांतील प्रत्येक हायस्कुलाला. याच रेननीं सन १९११ मध्यें हिंदी शाळांतून इंग्रजी ‘प्रत्यक्ष’ पद्धतीनें शिकविण्याविषयीं पुस्तक लिहिलें. मातृभाषा मध्यें न आणतां वस्तु दाखवून, कृति करून, प्रश्नोत्तरें करून भाषा शिकवावी, हें त्या पद्धतीचें सार. इंग्लंडांत हॅरोल्ड पामर यांनीं व डाक्क्यास मायकेल वेस्ट यांनीं भाषाशिक्षणाचा विचार पुढें आपापल्या दिशेनें वाढविला. ‘व्हॉट इज धिस?’ ‘धिस इज अ बुक.’ ‘इज धिस अ पेन?’ ‘नो, इट इज नॉट.’ असे संवाद वर्गावर्गांतून घुमूं लागले.

प्रश्नांचा एवढा पाऊस पूर्वीं कधीं पडला नव्हता. मौज अशी कीं तो सारा एकाच बाजूनें पडत होता. विचारणारा शिक्षक, उत्तर देणारा विद्यार्थी. वर्षाकांठीं हजारों प्रश्न मुलाच्या कानांवरून गेले, आणि त्याच्या स्वतःच्या तोंडून निघाले ते ‘मे आय कम इन, सर?’ आणि ‘मे आय गो आऊट, सर?’ हे दोन. तेहि एका दमांत, एकच शब्द असल्यासारखे. जें वाक्य मनुष्य स्वतः कधीं बोलत नाहीं त्याची घडण त्याच्या जिभेला कशी ठाऊक व्हावी? पद्धत बदलली, पण विचारण्याचा हक्क होता त्याच हातीं राहिला.

उत्तरांतहि एक काटा होता, आणि तो वर्गापेक्षां न्यायालयांत अधिक बोचे. ‘तूं तेथें गेला नव्हतास ना?’ या प्रश्नाला मराठी मनुष्य ‘हो’ म्हणतो, तेव्हां तो विचारणाऱ्याच्या म्हणण्याला रुकार देतो: हो, नव्हतों गेलों. इंग्रजी रीतीनें त्याच प्रश्नाला ‘यस’ म्हटलें तर अर्थ होतो, गेलों होतों. मराठी ‘हो’ हें विचारणाऱ्याच्या वाक्याशीं जुळतें, इंग्रजी ‘यस’ हें घडलेल्या गोष्टीशीं. दुभाष्यानें हा भेद ध्यानांत न घेतां ‘हो’चें ‘यस’ केलें, तर साक्षीदार घटनेच्या जागीं हजर ठरतो. खेडुताच्या जबानींत ‘आधीं नाहीं म्हणाला, मग हो म्हणाला’ अशी विसंगति काढून दाखविणें इंग्रजी वकिली डावपेंचांत किती सोपें होतें, हें यावरून लक्षांत येईल. व्याकरणाच्या पुस्तकांतून या गोष्टीला दोन ओळींपेक्षां अधिक जागा क्वचितच मिळाली आहे.

हें सर्व इंग्रजी मुलुखांतलें. किनवट ज्या राज्यांत होतें तेथील गोष्ट आणखी एका वळणाची. हैदराबाद संस्थानांत निम्मे लोक तेलुगू बोलत, सुमारें चौथाई मराठी, त्यांच्या मागून कानडी. परंतु राज्यकारभार एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून उर्दूंत चाले. सन १९१८ त उस्मानिया विद्यापीठ निघालें तें उर्दू माध्यमाचें, आणि इंग्रजी तेथें सक्तीचा विषय. देशी भाषेंतून उच्च शिक्षण देण्याचा हा प्रयोग मोठाच होता, हें मान्य केलें पाहिजे. त्याकरितां भाषांतराचें स्वतंत्र खातें उघडून शास्त्रीय ग्रंथ उर्दूंत आणले गेले. पण ज्या मुलांची ती भाषा नव्हती त्यांच्या वांट्याला दुहेरी ओझें आलें. मराठी मुलाला इंग्रजीचा नियम उर्दूंतून समजून घ्यावा लागे. ग्रांथिक उर्दूंत ‘क्या’ वाक्याच्या आरंभीं येतो: ‘क्या वह आया?’ त्यामुळें ‘डू’ म्हणजे ‘क्या’ असें समीकरण सहज मनांत बसे. तें अर्ध्या वाटेपर्यंत उपयोगी पडतें आणि पुढें दगा देतें. कारण ‘क्या’ आला म्हणून ‘आया’ला कांहीं सोडावें लागत नाहीं, आणि ‘डिड’ आला कीं ‘वेन्ट’ला ‘गो’ व्हावें लागतें.

मराठींतून शिकविणाऱ्या शाळा चालविण्याची खटपट त्या राज्यांत लोकांनीं केली. हैदराबादेस सन १९०७ मध्यें विवेक वर्धिनी, औरंगाबादेस सन १९१५ मध्यें सरस्वती भुवन अशा संस्था उभ्या राहिल्या. परंतु खाजगी शाळेला परवानगी हवी, सभेला परवानगी हवी. ‘गश्ती निशाण त्रेपन्न’ हा हुकूम जुन्या मराठवाड्यांतील कुटुंबांतून अद्यापि नांवानें आठवला जातो. जेथें चार माणसें जमून कांहीं विचारूं म्हणतील तर आधीं मुभा मागावी लागे, तेथील शाळेंत मुलांनीं शिक्षकाला प्रश्न विचारावे अशी अपेक्षा करणें कठीणच होतें. आडरानांतल्या किनवटसारख्या तालुक्याची स्थिति सांगावयासच नको.

सन १९५६ नंतर किनवट मुंबई राज्यांत आलें. त्या राज्यांत स्वातंत्र्यानंतर इंग्रजीचा आरंभ आठव्या इयत्तेपर्यंत लांबविण्यांत आला होता. सन १९५८ मध्यें हैदराबादेस इंग्रजीच्या शिक्षणाकरितां केंद्रीय संस्था निघाली आणि वाक्यांचे सांचे क्रमानें शिकविण्याची पद्धत सर्वत्र पसरली. फळ्यावर उभ्या रकान्यांत शब्द मांडावयाचे, एकेका रकान्यांतून एकेक शब्द उचलून वाक्य करावयाचें. ‘डझ’ एका रकान्यांत आणि ‘गो’ दुसऱ्यांत, ‘गोज’ला फळ्यावर जागाच नाहीं, त्यामुळें चूक करणें अशक्य. फळा पुसला कीं ती पुन्हां शक्य होई. सन २००० पासून महाराष्ट्रांत इंग्रजी पहिल्या इयत्तेपासूनच सुरू झाली आहे. म्हणजे अर्ध्या शतकांत आरंभाचें वय सात इयत्तांनीं खालीं आलें, आणि ‘व्हाय यू आर लाफिंग?’ हें वाक्य आठव्या वर्गांतून पहिल्या-दुसऱ्या वर्गांत आलें.

या वाक्याला निव्वळ अज्ञान समजण्याचें मात्र आतां कारण उरलेलें नाहीं. सन १९६० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत हार्वर्ड येथें रॉजर ब्राऊन यांच्या मार्गदर्शनाखालीं तीन लहान मुलांचें घरगुती बोलणें महिनोन् महिने नोंदून ठेवण्यांत आलें. एडवर्ड क्लिमा व उर्सुला बेलूगी यांनीं सन १९६६ मध्यें त्यांतील प्रश्नांचा अभ्यास प्रसिद्ध केला. जन्मापासून इंग्रजीच ऐकणारीं तीं मुलें आरंभीं केवळ स्वर चढवून प्रश्न करीत. मग ‘व्हॉट’, ‘व्हेअर’, ‘व्हाय’ हे शब्द वाक्याच्या तोंडाशीं आणून ठेवीत, पण पुढची उलटापालट करीत नसत. ती सर्वांच्या शेवटीं येई. किनवटचा विद्यार्थी ज्या पायऱ्यांवर रेंगाळतो त्याच त्या पायऱ्या. भेद एवढाच कीं इंग्रज मूल दिवसाला शेंकडों प्रश्न विचारून त्या ओलांडतें, आणि किनवटच्या मुलाला आठवड्याच्या कांहीं तासांत एकहि विचारावयाची पाळी येत नाहीं.

शिवाय, ज्या ‘डू’करितां एवढी तांबडी शाई सांडली तो इंग्रजांच्या घरींहि फार जुना नाहीं. पूर्वीं इंग्रजींत मुख्य क्रियापदच उचलून कर्त्याच्या पुढें ठेवीत; ‘सी यू द हाऊस?’ असें वाक्य शुद्ध मानलें जाई. सोळाव्या शतकांत प्रश्नांतील ‘डू’ झपाट्यानें वाढला. आल्व्हर एलेगोर्ड या स्वीडिश पंडितानें शेंकडों वर्षांच्या ग्रंथांतील वाक्यें मोजून सन १९५३ मध्यें ही वाढ दाखवून दिली. शेक्सपियरच्या नाटकांत जुनी व नवी अशा दोन्ही रीती एकत्र नांदतात, आणि सन १६११ च्या इंग्रजी बायबलांत जुनी रीत भरपूर आहे. शेक्सपियरला आजच्या परीक्षेस बसविलें असतें तर प्रश्नार्थक वाक्यांत त्याचे गुण कापले गेले असते. असो.

किनवटच्या शेजारचाच एक प्रयोग येथें सांगावयाचा राहिला. किनवट आदिलाबाद जिल्ह्यांत असतांनाच, सन १९४३ मध्यें, त्या जिल्ह्यांतील मारलवाई या गांवीं गोंड शिक्षकांच्या शिक्षणाचें केंद्र उघडण्यांत आलें. मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांच्या सल्ल्यानें निजाम सरकारनें ही योजना हातीं घेतली. गोंड मुलांना पहिलें वाचन गोंडी भाषेंतून द्यावयाचें, शिक्षक गोंडच नेमावयाचे, आणि त्याकरितां देवनागरी लिपींत गोंडी वाचनपुस्तकें करावयाचीं, असा तिचा क्रम होता. उर्दूच्या राज्यांत ही गोष्ट लहान नव्हती. जो मुलगा गोंडींत विचार करतो त्याला मराठी ‘का’ हाच मुळीं शिकावा लागतो. मग इंग्रजी ‘डू’ त्याच्याकरितां दुसरा नव्हे, तिसरा-चौथा डोंगर असतो. शिक्षक त्याच्या भाषेचा असला तर निदान पहिला प्रश्न तरी तो त्याला आपल्या बोलींत विचारूं शकतो: हें असें कां?

इंग्रजीला न येणारा एक प्रश्न मराठीजवळ आहे, आणि मराठी शाळांतून इंग्रजीच्या शिक्षकांना तो हमखास घातला जातो. ‘राम हा दशरथाचा कितवा मुलगा?’ याचें इंग्रजी करा. ‘कितवा’ या एका शब्दाला इंग्रजींत प्रतिशब्द नाहीं. ‘व्हिच सन’ म्हटलें तर कोणता असा अर्थ होतो; ‘हाऊ मेनी’ म्हटलें तर किती असा. उर्दूलाहि येथें ‘कौनसा’वर भागवावें लागतें. तेलुगूला मात्र हा शब्द ठाऊक आहे. तेव्हां स्टेशनावरचे ते तीन उतारू एकत्र बसले, तर मराठी व तेलुगू माणूस एकमेकांना ‘तूं कितवा?’ हें एका शब्दांत विचारतील. इंग्रजी शिकलेल्या चौथ्याला मात्र आधीं भाऊ किती, मग त्यांत थोरले किती, असे दोन प्रश्न करावे लागतील, आणि दोहोंच्याहि आरंभीं ‘हाऊ मेनी’ ठेवून पुढें ‘डू’ किंवा ‘आर’ यांपैकीं कोण येतो हें आठवावें लागेल.